खडूचं कपाट

घर बघायला गेलो त्या दिवशी मी मॅडमच्या कपाटातून आरपार चालत निघाले.

"अहो, अहो! कपाट आहे ते," आतून आवाज आला. मी जागच्या जागी थांबले. समोर कपाट नव्हतं. हॉलच्या त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. फरशीवर पांढऱ्या खडूने आखलेला एक लांबट चौकोन तेवढा होता आणि माझा डावा पाय त्याच्या मधोमध होता.

"वळसा घालून या. दारं बाहेर उघडतात त्याची, तेवढी जागा सोडा."

पाहिलं तर चौकोनाच्या पुढे दोन गोलाकार रेघाही होत्या. ती दारं. मी त्यांना वळसा घातला, माझ्या नवऱ्यानेही हसू दाबत घातला. एवढ्यात एक उंच, सडपातळ गृहस्थ चहाचा ट्रे घेऊन आले आणि त्याच रेघांना बाहेरून वळसा घालत आमच्यापर्यंत पोचले. ते मॅडमचे यजमान. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. बायकोचं मन राखायला म्हणून ते वळले असतील असं मला वाटलं होतं, पण त्यांच्या चालण्यात थट्टा अजिबात नव्हती. तिथे खरंच कपाट असावं असे ते वळले.

विश्रांतवाडीतलं ते दुमजली घर. खाली ती दोघं राहायची आणि वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. तोपर्यंत आम्ही पुण्यातले बरेच घरमालक पाहिले होते. कुणी जात आडून विचारायचे, कुणी सरळ विचारायचे, कुणाला मटण चालायचं नाही. मॅडमनी यातलं काही विचारलं नाही. "तुमच्याकडे फर्निचर काय काय आहे?" एवढंच विचारलं आणि आमच्या हातात खडू देऊन आम्हाला वर पाठवलं. आम्ही पलंग आखला तर गॅलरीचं दार अर्धंच उघडेल असं दिसलं. मॅडम मागून येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "टेम्पोतून पलंग उतरवल्यावर हे कळलं असतं, तर आपण बिल्डरला शिव्या घातल्या असत्या. आता कुणाला घालायच्या?"

मॅडम पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. बुटक्या, सावळ्या, केस कापलेले. एखादीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो तसा यांच्या कमरेला मोजायचा टेप. बांधकामाच्या जागी पाया खणण्याआधी चुन्याच्या भुकटीने रेघा मारतात, त्याला फक्की मारणं म्हणतात. "आधी फक्की, मग खड्डा," हे मॅडमचं ब्रीद. ते त्या लग्न जमवण्यापासून फ्रिज घेण्यापर्यंत कशालाही लावायच्या. घरात काहीही आणायचं असलं की ते आधी खडूने जमिनीवर यायचं. मग काही महिने सगळ्यांनी त्याच्यासोबत राहायचं. "कागदावरचं कपाट कुणाच्या गुडघ्याला लागत नाही," त्या म्हणायच्या. "म्हणून सगळ्यांना ते आवडतं."

उंची मात्र खडूने आखता येत नाही. त्यासाठी मॅडम माणसं वापरायच्या.

"जरा फ्रिज होता का?" दारात आलेल्या कुणालाही त्या विचारायच्या. गॅसवाला, वीजमीटर बघायला आलेला माणूस, मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी एक काका, सगळे कधी ना कधी फ्रिज झालेले होते. ठरल्या जागी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, मॅडम मागेपुढे फिरून बघणार, मध्येच "हात पसरा, दार उघडलं" असं सांगणार. माझ्या नवऱ्याचं आकारमान बघता तो तर कायमचाच फ्रिज झाला. "डबल डोअर," सर शांतपणे म्हणायचे.

आम्ही वळसा घातला ते कपाट कधी आलंच नाही. सहाएक महिने त्याच्याभोवती फिरून झाल्यावर एके दिवशी मॅडमनी ओल्या फडक्याने ते पुसून टाकलं. का, विचारलं तर म्हणाल्या, "त्रास देत होतं." सरांचं म्हणणं असं, की या घरात जेवढं फर्निचर आलं त्याहून जास्त गेलं आणि एकदाही हमाल लागला नाही.

मला या सगळ्याचं भारी कुतूहल होतं. ही नोकरीतली सवय म्हणावी, तर खात्यातले बाकीचे इंजिनिअर काही पाहुण्यांना फ्रिज करत नसणार. चिकटपणा म्हणावा, तर गल्लीतल्या मुलींच्या फिया मॅडम गुपचूप भरायच्या. त्यांची मुलगी नागपूरला असते, ती एकदा आली होती तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, "मी लहानपणी मैत्रिणींना घरी आणायचेच नाही. कोण सांगत बसणार, की बाई गं, तू आत्ता डायनिंग टेबलवर उभी आहेस?" सरांना विचारलं तर म्हणाले, "साहेबांनाच विचारा." ते बायकोला साहेब म्हणायचे. हेही एक कोडंच होतं.

मग लॉकडाऊन लागला आणि सगळ्यांना आपापलं घर पहिल्यांदाच दिवसभर दिसायला लागलं.

आमच्याकडे नवरा इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ऑफिस करायचा आणि मी ओट्यावर, पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून वाघोलीच्या कॉलेजातल्या मुलांना शिकवायचे. कुकरची शिट्टी झाली की मुलं हजेरी दिल्यासारखी "येस मॅम" म्हणायची. टेबल हवं होतं, पण दुकानं बंद. ऑनलाइन मागवावं तर तिकडेही सगळं संपलेलं. सुतार आपापल्या गावी निघून गेले होते, मागे कुणाची अर्धी स्वयंपाकघरं, कुणाची पॉलिश न झालेली दारं ठेवून. आमच्या समोरच्या घरात तर लॉकडाऊनच्या ऐन तोंडावर नवा ओटा करायचा म्हणून जुना फोडून ठेवला होता. त्या वहिनी गॅलरीत शेगडी मांडून, उकिडवं बसून भाकऱ्या थापायच्या आणि नवऱ्याचा उद्धार करायच्या.

मॅडम फाटकाशी मास्क लावून उभ्या राहिल्या आणि पलीकडे ओरडून म्हणाल्या, "रडू नका. ओटा नसताना ओटा कुठे हवा ते नीट कळतं. रोज हात कुठे जातो ते बघा आणि तिथे खूण करा."

वहिनींनी खुणा केल्या. मग त्यांच्या शेजारणीला मुलासाठी अभ्यासाची जागा काढायची होती, तिने फोन केला. बघता बघता मॅडम गल्लीच्या सल्लागार झाल्या. व्हिडिओ कॉलवर लोक हौसेने केस विंचरून बसायचे आणि मॅडम म्हणायच्या, "तुमचा चेहरा नको. फरशी दाखवा." नवरे, मुलं, आज्या, सगळे ज्या त्या घरात कपाट आणि टेबल होऊन उभे राहायला लागले. खडू संपले तेव्हा लोकांनी रांगोळी वापरली.

आमच्या वरच्या मजल्यावर त्या स्वतः आल्या. अंतर ठेवायचं म्हणून काठीच्या टोकाला खडू बांधून आणला होता. माळ्यावर एक जुनं दार पडलं होतं, ते त्यांनी काढायला लावलं, दोन ट्रंकांवर आडवं टाकून माझं टेबल केलं, नवऱ्याचं इस्त्रीचं टेबल समोरच्या भिंतीला लावलं आणि आम्हा दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं. मी म्हटलं, "समोरासमोर बसलो तर गप्पा तरी होतील."

"नवरा-बायको दिवसभर समोरासमोर बसली तर गप्पा होत नाहीत," मॅडम म्हणाल्या, "हिशेब होतात."

कोथरूडला माझे दीर राहतात. त्यांनी मात्र कुणाचं ऐकलं नाही. थोडी मोकळीक मिळताच, आता घरातच बसायचंय तर नीट बसू म्हणून, त्यांनी पाय लांब करायचा भलामोठा सोफा मागवला. तो लिफ्टमध्ये जाईना आणि जिन्याच्या वळणावरही फिरेना. पोचवणारे तो पार्किंगमध्ये ठेवून गेले. तिथे त्याच्यावर सोसायटीची मांजरं झोपायला लागली. मी मॅडमना फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "छान दिसतोय तिथे. म्हणावं, तिथेच बसत जा."

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. आम्ही जिन्यावर बसायचो, मी वरच्या पायरीवर आणि मॅडम खूप खालच्या. गल्ली इतकी शांत, की आळंदी रस्त्यावरून एखादी रुग्णवाहिका गेली तर ती संपेपर्यंत ऐकू यायची. मी धीर करून विचारलं, की हे खडूचं तुम्हाला सुचलं कुठून?

"मला नाही सुचलं. वडलांना सुचलं."

वडील कालव्याच्या कामावर माती उपसायला होते. घर म्हणजे एक खोली, तिच्यात आईवडील आणि भावंडं. कामावरून येताना वडील खिशातून फक्कीची पूड आणायचे आणि खोलीत रेघा मारायचे. ही आक्काची खोली. ही दादाची. आणि ही आमच्या साहेबाची. धाकटी शिकणार म्हणून तिला साहेब म्हणायचे.

"कुणी कुणाच्या खोलीत न विचारता पाय ठेवायचा नाही. ठेवला तर वडील ओरडायचे," मॅडम सांगत होत्या. "माझ्या खोलीत टेबल होतं. मी त्या टेबलावर दहावी केली."

"खरं टेबल?"

"फक्कीचं हो. खरं नोकरी लागल्यावर मिळालं. सरकारी होतं. एक पाय आखूड."

मॅडमना हळवी होणारी माणसं आवडत नसत, म्हणून मी पायरीवरची धूळ झाडत राहिले. सर दारात उभे राहून ऐकत होते. ते आत गेले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

दुसऱ्या लाटेत सर आजारी पडले.

दोन दिवस ताप, मग खोकला, मग एका दुपारी धाप. बेड मिळवायला माझा नवरा आणि मॅडम सकाळपासून फोन करत होते. मिळाला, सर रुग्णवाहिकेत बसले आणि दार लागलं. आत भेटायला कुणालाच सोडत नव्हते. मुलगी नागपूरला स्वतःच तापाने पडली होती. दुपारी डॉक्टरांचा फोन यायचा, तेवढाच काय तो आधार. सकाळी हॉलमधल्या बुद्धमूर्तीसमोर दोघं वंदना म्हणायची, तिथे आता एकच आवाज यायचा. आणि जमिनीवर खडूची एकही रेघ नव्हती. मी डबा द्यायला खाली जायचे तेव्हा ती स्वच्छ फरशी बघून मला भीती वाटायची. मॅडमना काही पुढचं आखावंसं वाटत नाही, याचा अर्थ मला नको तितका कळत होता.

एका दुपारी खालून हाक आली. "अहो, दोघंही खाली या. मास्क लावून." आम्ही धावलो. मॅडम हॉलच्या मधोमध उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात खडू होता.

"सोडणार म्हणतायत. ऑक्सिजन घरी लावावा लागेल. आतल्या खोलीच्या बोळातून मशीन जायचं नाही. हॉलमध्येच सगळं करायचं."

मी तिथेच रडले. मॅडम म्हणाल्या, "रडून घ्या. मग टेप धरा."

पुढचे दिवस त्या घरात जे झालं ते मी कधी विसरणार नाही. दुकानं पुन्हा बंद होती. औषध अत्यावश्यक, पण औषध ठेवायचं टेबल नाही, असा तो काळ. सुतार पुन्हा गावी गेलेले. मॅडमनी पलंगाची जागा हॉलच्या पार टोकाला धरली, कारण मशीनचा प्लग तिथे आणि संडास-बाथरूमही तिथून जवळ. पलंग विटांवर चढवून उंच केला, म्हणजे सरांना उठताना गुडघ्यांवर भार नको. बाथरूमचं दार आत उघडायचं, ते त्यांनी स्वतः बिजागऱ्या काढून उतरवलं आणि पडदा लावला. हॉलच्या पडद्याची लोखंडी नळी भिंतीला ठोकून हाताने धरायची दांडी केली आणि तिला स्वतः लोंबकळून पाहिलं. सोफा, दिवाण, टीपॉय, झाडून सगळ्या खुर्च्या आमच्या गॅलरीत चढवल्या. "वाट मोकळी पाहिजे. दारापासून पलंगापर्यंत मध्ये एकही वस्तू नको," त्यांचा हेका होता.

शेवटी त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता तुम्ही सर व्हा."

तो दारातून चालत आला. "हळू," मॅडम म्हणाल्या. "आजारी आहेत ते." तो हळू चालला. पलंगावर बसला, उठला, दांडी धरून बाथरूमपर्यंत गेला, वळला, परत आला. मॅडम टेप घेऊन मागे मागे. कुठे कोपर लागतं का, कुठे नळी अडकते का. त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा चालवलं आणि मग खडू ठेवून दिला. "पास," म्हणाल्या. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्या पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले. मी त्यांना ओळखलं ते उंचीवरून. बाकी सगळं उतरलं होतं. बरोबरच्या माणसाने छोटा सिलेंडर धरला होता, सरांच्या हातात वॉकर होता. मॅडम दारापाशी नव्हत्या. त्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला, पलंगापाशी उभ्या होत्या. आपलं काम पुरं होताना बघायला इंजिनिअर उभा राहतो तशा.

सर दारातून आत आले. चार-दोन पावलं टाकली आणि हॉलच्या मध्यावर थांबले.

"या ना," मॅडम म्हणाल्या. "थोडंच राहिलंय."

सरांनी मान हलवली. त्यांचे खांदे वरखाली होत होते. तोंड उघडं होतं आणि शब्द येत नव्हता. टेकायला भिंत नव्हती, ती दोन्ही बाजूंना लांब. बसायला काही नव्हतं. काहीच नव्हतं, सगळं आमच्या गॅलरीत होतं. चकचकीत, मोकळ्या वाटेच्या मधोमध तो माणूस वॉकर धरून थरथरत उभा होता. माझ्या नवऱ्याने किती चांगलं चालून दाखवलं होतं! त्याच्या छातीत काही झालेलं नव्हतं, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मॅडम धावल्या. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि मग खाली फरशीवर बसकण मारली, पाय पसरले आणि सरांना दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाली घेतलं. सर त्यांच्या खांद्याला टेकून बसले. सिलेंडरवाला माणूसही वाकून बसला. नवरा खुर्ची आणायला वर पळाला.

"चुकलं माझं," मॅडम म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "चुकलं हो माझं. मला कळलंच नाही." त्या रडत होत्या. मास्क भिजला होता आणि त्यांना तो पुसायचं भान नव्हतं.

सरांचा श्वास जागेवर यायला वेळ लागला. आल्यावर ते एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "नकाशा... उत्तम आहे, साहेब. पण घाटात... मध्ये एक थांबा ठेवतात."

नवऱ्याने आणलेली लाल प्लास्टिकची खुर्ची तिथेच ठेवली गेली, जिथे सर बसले होते तिथे. पुढे रोज पलंगापासून दारापर्यंत चालायचा व्यायाम सुरू झाला तेव्हा सर तिथवर यायचे, बसायचे. मॅडम खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. घाई करायच्या नाहीत, बोलायच्याही नाहीत. सर उठले की त्याही निघायच्या.

हळूहळू सुतार परतले. गल्लीत जिकडेतिकडे ठोकाठोक सुरू झाली. कुणी गॅलरीचं ऑफिस केलं, कुणी वरची पाहुण्यांची खोली मोडून आईवडिलांसाठी खाली खोली काढली, समोरच्या वहिनींचा ओटा त्यांच्याच खुणांप्रमाणे झाला. लोक मॅडमकडे विचारायला यायचे आणि हॉलमध्ये शिरता शिरता त्या लाल खुर्चीवर आपटायचे. एकदा कुणाची तरी भाची आली होती, इंटिरिअरचं शिकलेली. ती म्हणाली, "मॅडम, ही खुर्ची ना, सगळा फ्लो अडवते."

"हो," मॅडम म्हणाल्या. "अडवायलाच ठेवलीय."

सर आता चांगले हिंडतात. नळी गेली, मशीन परत गेलं, पलंग आतल्या खोलीत गेला. सकाळी ते कोपऱ्यावरून दूध आणतात आणि दारातून थेट स्वयंपाकघरात जातात, मध्ये कुठे थांबत नाहीत. परवा मी खाली गेले होते तेव्हा सोफा आणि दिवाण आपापल्या जागी परतलेले होते आणि खुर्ची तेवढी मध्येच होती. माझाही गुडघा तिला लागला. मी म्हटलं, "मॅडम, सर आता सलग चालतात. ही वर नेऊन ठेवू का?"

मॅडमनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत सर दुधाची पिशवी धूत होते, नळाचा आवाज येत होता.

"ते बरे झाले हो," त्या म्हणाल्या. "माझं राहिलंय."

आणि त्या खुर्चीत बसल्या.